तिचं मार्चचं खातं, माझं एप्रिलचं

तारीख लिहून घ्या, चार एप्रिल दोन हजार चोवीस, गुरुवार, आणि रक्कम सहा लाख ब्याण्णव हजार तीनशे अठरा. हजर कोण, तर मी, माझी बायको सुनीता, पोस्टातल्या काउंटरवरच्या मॅडम आणि मागे रांगेत आठ माणसं, त्यातली तीन आम्हाला ओळखणारी. ही रक्कम सुनीताच्या पीपीएफची. पंधरा वर्षं पुरी झाली, खातं बंद केलं, पैसे तिच्या बचत खात्यात आले. आणि त्याच प्लास्टिकच्या पाकिटातून मी माझं पासबुक काढून मॅडमपुढे सरकवलं आणि म्हटलं, हेही करून टाका एकदमच, आमची दोन्ही खाती बरोबरच उघडलेली आहेत. मॅडमनी पासबुक पाहिलं, मशिनमध्ये पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, काका, तुमचं पुढच्या वर्षी.

काय सांगू तुम्हाला, रांगेतल्या आठही माणसांनी ते ऐकलं.

पण हे असं मधूनच नको, आधी मूळ सांगतो. आम्ही पावसच्या अलीकडचे. गाव सांगतो म्हणजे राहायचो ते सांगतो, आमचं तिथे काही नव्हतं. वडील आंब्याच्या बागेचे राखणदार. बाग दुसऱ्याची, बागेतली खोपी दुसऱ्याची, खोपीच्या मागची विहीर दुसऱ्याची. बागेचा मालक बदलला की आमची पेटी डोक्यावर. मी सातवीपर्यंत चार खोपी बदलल्या, चारही कातळावर, पावसाळ्यात आत ओल आणि उन्हाळ्यात तापलेला तवा. वडील वारले तेव्हा त्यांच्या नावावर कुठे काही आहे का बघायला तलाठ्याकडे गेलो, तर तलाठी म्हणाले, रेशन कार्डाशिवाय तुमच्या वडलांचं नाव कुठल्याच कागदावर नाही रे. मी सतरा वर्षांचा होतो. त्या दिवशी मनात धरलं, आपलं नाव एका तरी घराच्या कागदावर लागलं पाहिजे. पुढचं जे सगळं सांगणार आहे ते तेवढ्यासाठी लक्षात ठेवा, नाहीतर तुम्हाला मी फारच हलका माणूस वाटेन. तसा मी असेनही, पण कारण सांगून ठेवतो.

बारावी कॉमर्स झालो आणि मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात चिकटलो. मासेमारीच्या लाँचींना बर्फ लागतो, लादीच्या हिशेबाने जातो. किती लाद्या गेल्या, किती उधारीवर, किती वितळून वजा धरायच्या, हे लिहायचं काम माझं. एकतीस वर्षं झाली, महिनाअखेर माझा हिशेब जुळला नाही असं झालेलं नाही. आठ रुपये जुळत नव्हते म्हणून मी एकदा तीन दिवस वह्या उलटल्यात, शेठ म्हणाले, अनंतराव, हे घ्या माझ्या खिशातले आठ रुपये आणि घरी जा. मी गेलो नाही. ते आठ रुपये सापडले, एका लाँचवाल्याच्या सातचा एक वाचला गेला होता आणि दोन रुपये वेगळे कुठेतरी होते.

लग्न अठ्ठ्याण्णव साली. सुनीता दापोलीकडची, बारावी नापास, हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी ते सतत मनात धरून होतो. दोन खोल्या भाड्याने घेतल्या, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, भाडं तेव्हा चारशे. मुलगी झाली, मेघना. ती तिसरीत गेली तेव्हा सुनीता म्हणाली, मी पोस्टाची एजंट होणार. अल्पबचतीची. म्हणजे काय, तर घरोघर फिरायचं, लोकांच्या आरडीचे हप्ते गोळा करायचे, कार्डावर सही द्यायची, मग यादी करून पोस्टात भरायचे, त्यावर कमिशन. मी म्हटलं, कर. मला वाटलं, महिन्याला भाजीचे सुटतील.

तिने पहिला फॉर्म आणला आणि माझ्यापुढे ठेवला. अहो, तुमची आरडी माझ्याकडे उघडा, पहिलं खातं घरातलं असू दे. पाचशेचा हप्ता. मी म्हटलं, माझं मी बघतो, मला पोस्टाचा रस्ता माहीत आहे. का म्हटलं विचाराल तर तेव्हा मला सांगता आलं नसतं. घरच्या माणसाच्या खात्यावर कमिशन मिळतं की नाही हेसुद्धा मी विचारलं नाही, कारण प्रश्न कमिशनचा नव्हता. महिन्याच्या महिन्याला बायकोपुढे पैसे मोजून ठेवायचे, तिने ते परत मोजायचे आणि मला पावती द्यायची, हे मला नको होतं. तिने फॉर्म घडी करून वहीत ठेवला.

त्या वहीची गंमत सांगतो. ती गिऱ्हाइकांची नावं ओळीने लिहायची, आणि क्रमांक दोनपासून. मी म्हटलं, वही दोनपासून कुठे सुरू होते, एक कुठे गेला. म्हणाली, राहू दे. दरवर्षी नवी वही यायची आणि दरवर्षी पहिली ओळ कोरी, नावं दोनपासून. मी माझ्या मनात म्हणायचो, बारावी नापास.

आता पीपीएफ. दोन हजार नऊचा मार्च. मार्चअखेरीला अल्पबचतीचं टार्गेट असतं, एजंटांच्या मागे लागतात, खाती आणा खाती आणा. सुनीता तीस तारखेला घरी आली आणि म्हणाली, मी आज माझंच एक पीपीएफ उघडून टाकलं, पाचशे भरले, एक खातं तरी वाढलं. तुम्ही पण उद्या उघडा. मी म्हटलं, मार्चच्या शेवटच्या दिवशी कोण खातं उघडतं, वर्ष स्वच्छ सुरू करावं. एक एप्रिलला सकाळी दहाला मी पोस्टात पहिला उभा. दीड हजार भरले. पासबुकाचं पहिलं पान, पहिली ओळ, एक एप्रिल. मला फार बरं वाटलं होतं ते बघून. तिचं पासबुक म्हणजे एका वर्षाच्या शेवटी पाचशेची एक ओळ आणि लगेच नवं वर्ष. मी तिला म्हटलंही, तुझं खातं म्हणजे नाटक संपताना थिएटरात शिरल्यासारखं आहे.

पंधरा वर्षं मोजतात ती खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यापासून मोजतात. तिचं वर्ष दुसऱ्या दिवशी संपलं. माझं संपायला तीनशे पासष्ट दिवस लागले. दोन दिवसांनी मी एक वर्ष मागे पडलो, आणि मला ते कळलं पंधरा वर्षांनी, रांगेत. नियम छापलेला असतो हो. विचारला असता तर कोणीही सांगितला असता. पण विचारायचं कोणाला, तर घरात सांगणारी तीच.

मधल्या वर्षांत काय झालं ते आता ऐका, हेवा हेवा म्हणतात तो काय असतो. सुनीताची गिऱ्हाइकं दोनाची वीस झाली, विसाची साठ, शेवटी एकशे चौदा. महिन्याच्या एक ते पंधरा तारखेत ती शहरभर फिरायची. मासळी बाजारातली शेवंती तिला लांबून हाक मारायची, वैनी, आधी माजा हप्ता घ्या, मग सुरमय संपली की पैशे दिसायचं नायत. एसटी डेपोत, शाळांच्या स्टाफरूममध्ये, दवाखान्यात. कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कोणाचा भाऊ वेगळा निघाला, सगळं तिला माहीत. आणि घरी काय यायचं, तर शहाळी, आमसुलं, सुके बांगडे, फणसाची साठं. सोळा वर्षांत आमच्या घरी आंबा विकत आणलेला नाही. एका मोसमात तर अकरा पेट्या आल्या, मी मोजल्या. आंब्याच्या राखणदाराचा मुलगा मी, माझ्या वडलांना मालकाने कधी डागी फळाच्या पुढे दिलं नाही, आणि हिला लोक पेटी उचलून देतात. मला ते आंबे गोड लागत नसत. खायचो, पण गोड लागत नसत.

रस्त्यात माझी ओळख काय झाली, तर पोस्टवाल्या वैनींचे मिस्टर. केस कापायला बसलो तर न्हावी विचारणार, वैनी बऱ्या आहेत ना. एकदा डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलो, ते म्हणाले, मिसेसना सांगा, माझा हप्ता कंपाउंडरकडे ठेवलाय. अंगात एकशे दोन ताप.

आणि कळस म्हणजे आमचे शेठ. शेठनी तिच्याकडे महिना पाच हजारांची आरडी उघडली. मग दर महिन्याच्या सात तारखेला ती कारखान्यात येणार, माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीत बसणार, आणि शेठ आतून ओरडणार, अनंतराव, वहिनींना पाच हजार द्या आणि चहा मागवा. मी गल्ल्यातून पाच हजार मोजून तिच्यापुढे ठेवणार, ती ते परत मोजणार, कार्डावर सही करणार आणि मला म्हणणार, साहेब, इथे तुमची सही. साहेब म्हणायची. बाहेर हमाल हसायचे. मग मी वहीत लिहायचो, शेठ आरडी, हस्ते सौ. सुनीता, पाच हजार, आणि खाली चहा दोन, वीस रुपये. ज्या गोष्टीला मी घरात नाही म्हटलं ती मी नोकरीत बारा वर्षं केली.

पासबुकाचं सांगायला लाज वाटते, पण तुम्ही लिहायला बसलाच आहात तर सगळंच लिहा. कपाटात दोघांची पासबुकं एकाच पाकिटात. मी माझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायचो, कारण पाचच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळतं. ती कमिशन हातात येईल तेव्हा भरायची, कधी बारा, कधी वीस, मध्ये दोन महिने काहीच नाही. मला वाटायचं, हिला व्याज कळत नाही. पहिली चार वर्षं मी पुढे होतो. मग तिने पाचशेचे हजार केले, हजाराचे दोन हजार. दोन हजार तेराच्या दिवाळीत ती मला गाठणार असं दिसलं, तेव्हा मी बोनसचे नऊ हजार सगळे माझ्या पीपीएफमध्ये टाकले. त्याच आठवड्यात माझ्या चष्म्याची काडी मोडली. ती काडी चार महिने दोऱ्याने बांधून मी कारखान्यात बसलो, पण पुढे राहिलो. पाचव्या महिन्यात तिने एकदम चोवीस हजार भरले आणि ती कायमची पुढे गेली. त्यानंतर मी तिचं पासबुक बघायचं सोडून दिलं असं म्हणायला आवडलं असतं. सोडलं नाही, दर महिन्याला बघत राहिलो.

तिने माझं एकदाही उघडून बघितलं नाही. मी पासबुक ठेवताना खूण करून ठेवायचो, मध्ये तिकिटाचा कपटा ठेवायचो. कपटा कधी हलला नाही. ते जास्त लागायचं.

आता घर. दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत आमच्या मालकांनी सांगितलं, जागा बिल्डरला देतोय, मेअखेर खोल्या रिकाम्या करा. माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी पाचवी खोपी. सुनीता म्हणाली, पेठेबाई त्यांचा नाचणे भागातला फ्लॅट विकतायत. या पेठेबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या, मुलाकडे पुण्याला जायच्या होत्या, आणि अर्थातच सुनीताच्या गिऱ्हाईक, वहीत क्रमांक नऊ. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बाल्कनी, बाल्कनीतून एक नारळ हाताला लागेल असा. बाहेर त्यांना साडेसतरा लाख मिळत होते. सुनीताला म्हणाल्या, तुला सोळा. का, तर लॉकडाउनमध्ये त्या एकट्या असताना ही दर महिन्याला जायची, पेठेबाई वरून दोरीला बांधून टोपली सोडायच्या, टोपलीत कार्ड आणि हप्ता, आणि ही खालून टोपलीत औषधं आणि दूध ठेवायची. दीड लाख त्या टोपलीचे सुटले.

मला पेठेबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुम्ही होय ते अनंतराव, पाच तारखेवाले. मी म्हटलं, म्हणजे. म्हणाल्या, अहो ही सगळ्यांना सांगत फिरते, आमच्या ह्यांचं बघा, इतक्या वर्षांत पाच तारीख एकदा चुकली नाही, तुम्ही पंधराचीच चुकवता. आम्ही भीतीने भरायचो तुमच्या. आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मला काय वाटलं सांगू का. मला वाटलं, म्हणजे हिने माझी पाच तारीखसुद्धा तिच्या धंद्याला वापरली.

तर त्या चार एप्रिलला पोस्टातून घरी आलो. तिचे सहा ब्याण्णव हातात, माझे पाच लाख तेरा हजार एक वर्ष लांब. थोडे मधेच काढता आले असते, पण मी म्हटलं, मोडणार नाही, व्याज बुडतं. खरं म्हणजे अर्धी रक्कम घेऊन तिच्या रकमेशेजारी उभं राहायचं नव्हतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कारखान्याच्या गुलाबी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. घर आत्ता घेतलं तर कर्ज किती, व्याज किती. एक वर्ष थांबून माझे पैसे आल्यावर घेतलं तर कर्ज किती, व्याज किती. वर्षभर थांबलं तर पंचावन्न हजारांचा फायदा, असं खाली दोनदा अधोरेखित करून तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावला, वरून खाली एकदा वाचलं आणि म्हणाली, अहो, या वर्षभर आपण राहायचं कुठे ते लिहिलं नाहीत.

नव्या जागेचं भाडं महिना सहा हजार म्हणजे बहात्तर हजार, ते मी धरलं नव्हतं. विसरलो नव्हतो. धरलं नव्हतं. एकतीस वर्षांत मी कागदावर खोटा हिशेब लिहिला तो तेवढा एक. तिला ते कळलं, आणि मला कळलं की तिला कळलं. तिने तो कागद टरकावला नाही, फक्त खाली माझ्याच पेनाने भाडं बहात्तर हजार लिहिलं, वजाबाकी केली, सतरा हजार तोटा. वजाबाकी बरोबर होती.

मग ठरलं. किंमत सोळा लाख, वर स्टॅम्प ड्युटी आणि बाकी खर्च लाखभर. तिचे सहा ब्याण्णव, दोघांच्या नावावरची राष्ट्रीय बचत पत्रं दोन लाख दहा हजार, तिच्या आरड्या मोडून एक लाख पंचावन्न हजार, आणि बँकेचं कर्ज साडेसहा लाख. यात माझं काय, तर बचत पत्रांतला अर्धा भाग आणि कर्जावर सहकर्जदार म्हणून सही.

वकिलाकडे दस्ताचा मसुदा करायला बसलो. वकिलांनी विचारलं, घेणार म्हणून नाव कोणाचं. सुनीता म्हणाली, दोघांचं. आधी माझ्याकडे न बघता म्हणाली, हे मी कबूल करतो. वकील म्हणाले, दोघांचं घाला, हरकत नाही, पण एकट्या बाईंच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी पडते. बघा बुवा. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आकड्यांचा माणूस मी.

मी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. सोळा लाखांचा एक टक्का काढायला कॅल्क्युलेटर लागतो का हो. पण मी काढला, बटणं दाबली, सोळा हजार आले, पुसले, परत दाबले, परत सोळा हजार आले. सुनीता म्हणाली, जाऊ दे ना सोळा हजार, तुमचं नाव हवं. इतक्या हळू म्हणाली की वकिलांनी खिडकीबाहेर बघितलं. तुम्हाला वाटेल मी तेव्हा विरघळलो. नाही हो. मला वाटलं, म्हणजे आता माझं नाव घालायचं की नाही हेही हीच ठरवणार, आणि मला ते सोळा हजारांना विकत देणार. आणि दुसरीकडे, आठ रुपयांसाठी तीन दिवस बसलेला माणूस मी, नुसत्या नावासाठी सोळा हजार सरकारात भरून घरी जाऊन झोपणार कसा. वडील आठवले. तलाठ्याचं वाक्य आठवलं. वकिलांचा पंखा एक पातं वाकडं असल्यासारखा खटखट करत होता.

मी म्हटलं, तिच्या एकटीच्या नावावर करा.

बाहेर सगळ्यांना सांगितलं, सोळा हजार वाचवले. ते खरंच आहे. हेव्यापेक्षा माझा हिशेब जड निघाला, याहून मोठेपणा त्यात काही नव्हता.

पंधरा मेला रजिस्ट्रेशन झालं. तिथे घेणाऱ्या-देणाऱ्याला ओळखणारी दोन माणसं लागतात, सही करायला, की होय, मी या व्यक्तीला ओळखतो. पेठेबाईंकडून त्यांचे शेजारी आले होते. सुनीताकडून मी. क्लार्कने तोंड वर न करता विचारलं, यांना किती वर्षं ओळखता. म्हटलं, सव्वीस. नातं. म्हटलं, नवरा. तो हसला, म्हणाला, मग तुम्ही तर चांगलेच ओळखत असाल. सुनीता म्हणाली, अजून चाललंय त्यांचं. पेठेबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझा फोटो काढला, अंगठा घेतला. त्यामुळे नाव नाही असं अगदीच म्हणता येणार नाही. घराच्या दस्तात माझं नाव आहे, शेवटच्या पानावर, ओळखणारा म्हणून. वडलांचं रेशन कार्डावर होतं.

राहायला गेलो. दारावर पाटी लावली नाही, कोणाची लावायची हा प्रश्न दोघांनीही काढला नाही. मेघना पुण्याहून आली, ती म्हणाली, बाबा, नुसता फ्लॅट नंबर बरा दिसतो. पोरगी हुशार आहे. दस्ताची झेरॉक्स मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि दुपारी डबा खाताना पहिलं पान काढून वाचायचो, खरेदी घेणार सौ. सुनीता. कागद कोणी मत्सराने पाठ केला असेल तर तो मी. एकदा शेठनी बघितलं. म्हणाले, अनंतराव, झालं ना घर, आता काय राहिलं.

वर्ष गेलं. दोन हजार पंचवीसच्या एप्रिलला माझं खातं पुरं झालं. सुनीता म्हणाली, येऊ का बरोबर. म्हटलं, ये. त्याच मॅडम होत्या. म्हणाल्या, काका, आलात ना वेळेवर. पाच लाख अडुसष्ट हजार चारशे बारा. रांगेत त्या दिवशी कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणजे बघा माझं नशीब. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यातले पाच लाख साठ हजार तिच्या घराच्या कर्जात भरले. तिच्या म्हटलं का मी, आमच्या म्हणा, किंवा राहू दे, बोललो तसंच लिहा. कर्ज थोडं उरलंय, पन्नासाच्या आसपास, ते माझ्या पगारातून फिटेल. भरून बाहेर आलो तेव्हा वाटलं होतं आता बरोबरी झाली, आता हलकं वाटेल. फार काही वाटलं नाही. आजही ती रस्त्याने चालताना दोन बाजूंनी हाका येतात आणि मी चार पावलं मागे असतो, आणि मला टोचतं. वयाने जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. पण आता ते माझं मला माहीत आहे, एवढा फरक.

माझ्याकडे आठ हजार चारशे बारा उरले होते. चार एप्रिलला, शुक्रवारी, सकाळी ती फेरीला निघायच्या आधी स्वयंपाकघराच्या टेबलावर याद्या लावत बसली होती. मी समोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, मला एक आरडी उघडायची आहे, पाचशेची. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, आधार आणि पॅनची झेरॉक्स लागेल. मी दिली, आणलेलीच होती. मग मी पाच नोटा ठेवल्या शंभराच्या. तिने मोजल्या. परत मोजल्या. एक बाजूला काढून म्हणाली, ही टेपची आहे, बदलून द्या, पोस्टात घेत नाहीत. मी बदलून दिली.

मग तिने चालू वर्षाची वही उघडली आणि पहिल्या पानावर वरची कोरी ओळ होती तिथे क्रमांक एक घातला आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडलांच्या नावासकट. अक्षर तिचं काही खास नाही. मी ते वाचलं, आणि खरं सांगतो, तेवढ्यातही माझी नजर खाली घसरली आणि मी मोजलं, माझ्याखाली एकशे चौदा.

लिहा. दिले रोख पाचशे, पहिला हप्ता. घेणार, सौ. सुनीता, अल्पबचत एजंट. पावती मिळाली.